मूळ पत्ता: मुक्काम पोस्ट निपाणी

आधी चहा संपवा, मग सांगतो. ऐकता ऐकता ठसका लागला तर तोही माझ्याच नावावर मांडला जाईल, आणि माझ्या नावावर आमच्या घरात आधीच बरंच काही मांडलेलं आहे. फक्त एक करा, आमच्या आप्पांसमोर हा विषय काढू नका.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. बेळगावच्या वडगावात आमचे माग आहेत. त्यातल्या दोन मागांवर आप्पा अजून कुयरीच्या काठाची साडी काढतात. हा काठ आप्पांच्या वडिलांनी बसवलेला, त्यामुळे आप्पांचा सगळा जीव त्या कुयरीत. दुखणं एवढंच, की विणायचे आप्पा आणि व्यापारी तिच्यावर आपल्या नावाचं लेबल चिकटवून विकायचा.

एक दिवस आप्पांनी मला बोलावलं. मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसतो. आमच्या घरात जो कॉम्प्युटरसमोर बसतो तो इंजिनियर. मग तो दिवसभर पासबुकं का छापत असेना!

"व्हय रं, मोबाईलात साडी हुडकली की दुकानं दिसत्यात म्हणं?"

"दिसतात की आप्पा."

"मग त्यात आपलं नाव दिसाय पायजे. लग्नसराईपतोर बघायचं. आपल्या नावानं गिऱ्हाईक आलं तर बरं. न्हाईतर ते दोन माग मोडीत घालतो. दुसऱ्याच्या नावाची साडी मला आता विणवत न्हाय."

मोडीत! त्या मागांच्या खटखटीत मी अभ्यास केलाय. म्हटलं, आप्पा, काळजी सोडा. हे वाक्य मी बोललो आणि तिथूनच सगळ्यांची काळजी सुरू झाली.

साइट तशी झकास झाली. फोटो टाकले, काठाची माहिती लिहिली. पण मला लहानपणापासून चौकशीची वाईट खोड. एक प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना: लोक साडी शोधताना आपल्या गावाचं नाव लिहितात तरी काय?

झालं! बसमध्ये, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्याला विचारत सुटलो. आमच्यासारखे म्हणाले बेळगाव. ऑफिसातली तरुण पोरं म्हणाली बेळगावी. पेन्शनीतले एक काका इंग्रजी जमान्यातलं बेलगाम सोडायला तयार नव्हते. कंग्राळीच्या एका आक्कांनी तर मला वेड्यातच काढलं. म्हणाल्या, "गावाचं नाव कशाला घालू रं? मी कुठं हाय ते मला म्हाईत हाय की!"

मग मी काय करावं? कुणी नाराज नको म्हणून एकाच साडीची चार पानं केली. एक बेळगाव साडी, एक बेळगावी साडी, एक बेलगाम साडी आणि घरचा मान म्हणून एक वडगाव साडी. फोटो तेच, मजकूर तोच, नुसतं गावाचं नाव बदललेलं. म्हटलं, चार जाळी टाकली, एकात तरी मासा येईल.

कसला मासा? शोधून शोधून बोट झिजलं, पण आमचं एकही पान वर येईना. आप्पा रोज विचारायचे, "आलं काय रं आपलं नाव?" मी म्हणायचो, "यायलंय आप्पा, वाटेत हाय." जणू काही ते खानापूरहून बसने निघालं होतं.

शेवटी सुषमाला फोन लावला. सुषमा माझी शाळेतली वर्गमैत्रीण, सांबऱ्याची. ती साइट बनवण्याच्याच कंपनीत असते. तिनं चारही पानं बघितली आणि कपाळाला हात लावला असणार. फोनवर दिसत नाही, पण ऐकू येतं.

"अरं शान्या, एकाच पोराला चार नावांनी शाळेत घातलंस तर मास्तरनं हजेरी कुणाची लावायची? शोधणाऱ्या मशीनला कळंना की खरं पान कुठलं. मग ते एकबी धड वर आणंना."

"मग तीन पुसून टाकू?"

"पुसू नको. राहू देत. कॅनॉनिकल घाल."

"कॅनल?"

"कॅनल न्हवं रं, कॅनॉनिकल! हे बघ, तुझ्या सेटिंगमध्ये एक चौकोन असंल. मशीनला सांगायचं, ह्या सगळ्यांचं मूळ कुठलं ते. चारी पानांवर एकच मूळ पत्ता घाल. झालं काम."

किती सोपं! मी सेटिंग उघडलं. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. भाषेचा अभिमान म्हणून मी सगळं सेटिंग मराठीत करून ठेवलं होतं. ते इंग्रजीत असतं तर त्या कॅनॉनिकलला घाबरून मी सुषमाला पुन्हा विचारलं असतं. पण तिथं शुद्ध मराठीत लिहिलेलं: 'मूळ पत्ता'. आता आपल्या भाषेत लिहिलेलं आपल्याला कळत नाही, असं कुणी म्हणेल का?

आमचं मूळ? अहो, आमच्या भागात हा प्रश्न दिवसातून एकदा तरी होतोच. लग्नात जा, दवाखान्यात जा, शेजारचा विचारणारच: "तुमचं मूळ कुठलं?" आणि आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल: मूळ निपाणी! आप्पांचे वडील निपाणीहून वडगावला आले, त्यांचे भाऊ तिथेच राहिले. मी ऐटीत टाइप केलं: मु. पो. निपाणी.

चौकोन लालभडक झाला. म्हणे, 'योग्य वेब पत्ता द्या.'

मशीनचंही बरोबर होतं. नुसतं गाव सांगून त्याला घर कसं सापडणार? मी विचार केला, आमच्या निपाणीच्या घरी वेब पत्ता कुणाचा आहे? एकाच माणसाचा. अण्णांचा.

अण्णा म्हणजे आप्पांचे निपाणीतले चुलतभाऊ. त्यांचं साड्यांचं दुकान आहे, आणि दोघांत कैक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण जमिनीचं नाही, पाटीचं! अण्णांनी दुकानावर पाटी लावली: 'मूळ दुकान. आमची कुठेही शाखा नाही.' आप्पा भडकले. "आमची शाखा न्हाय? मग आमी काय कुंपणावर उगवलो?" आणि त्यांनीही मागाच्या दारावर तीच पाटी ठोकली. तेव्हापासून दोन्ही घरं मूळ आणि शाखा कुणालाच नाही.

पण मी म्हटलं, भांडण आप्पांचं आहे, मशीनचं थोडंच आहे? ते बिचारं प्रामाणिकपणे विचारतंय, आपण प्रामाणिकपणे सांगावं. चारही पानांवर अण्णांच्या दुकानाचा पत्ता घातला. लगेच हिरवी खूण! इतकं समाधान मला दहावीच्या निकालालाही झालं नव्हतं.

पुढे काय झालं असेल? 'कुयरी काठ साडी' शोधलं की सगळ्यात वर निपाणीचं दुकान! आमची चारही पानं गडप. मला नवलच वाटलं. हे वर आलं कसं? कुतूहलापोटी मी रोज अण्णांचं पान उघडून वरपासून खालपर्यंत वाचायचो. पतसंस्थेतल्या पोरांनाही दाखवायचो, बघा रे, काय आहे यांच्यात असं? तीही उघडून बघायची. ज्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नव्हतं, त्याच्या दुकानात मी वर्गणी न घेता गर्दी जमवत होतो.

आणि एक दिवस दुपारी मागाच्या दारात गाडी थांबली. उतरले कोण? अण्णा! एका हातात शाल, दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा. आप्पांनी माग बंद केला.

अण्णांचे डोळे भरलेले. "आप्पा, लई मोठ्या मनाचा निघालास रं तू!"

"मी?"

"माझ्या पोरानं दाखवलं मला. तुझ्या साइटवर वरनं दिसत न्हाय, पर आत लिव्हलंय. चारी पानांवर. मूळ म्हणजे निपाणीचं दुकान. दारावर पाटी कायबी असंना, पोटात काय हाय ते कळलं बघ मला!" आणि त्यांनी शाल आप्पांच्या खांद्यावर घालून पेढाच तोंडात कोंबला.

आप्पांच्या तोंडात पेढा, आणि डोळे माझ्याकडे.

"कुणाच्या पोटात काय लिव्हलंय रं?"

मी घाईघाईनं सुषमाला फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, जाणकार माणूस मध्ये असलेला बरा. सगळं ऐकून ती आधी पोट धरून हसली, मग ओरडली, "अरं बैला! मूळ पत्ता म्हणजे तुझ्याच चार पानांतलं एक खरं पान! पानाचं मूळ इचारलंय, घराण्याचं न्हवं! आपल्या सगळ्या साड्या तू लिहून दिल्यागत निपाणीला पाठवल्यास की!"

अण्णांचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. त्यांनी पेढ्यांचा पुडा हळूच आपल्याकडे ओढला. आप्पांनी शाल काढून घडी घातली. आता पुन्हा कैक वर्षं, असं मी मनात म्हटलं. मला खरंच रडू येत होतं.

मग अण्णाच पुटपुटले, "तरीच म्हणलं. रोज कोण ना कोण फोन करून कुयरीचा काठ मागतंय. माझ्याकडं कुठला आलाय? माझा सगळा सुरतेचा छापील माल."

आप्पा घडी घालता घालता थांबले. "गिऱ्हाईक तुझ्याकडं यायलंय?"

"रांग लागलीया."

"आनि साड्या हितं पडून हायत."

आप्पांनी मग एकच विचारलं, "साडीवर नाव कुणाचं घालशील?"

अण्णांनी मागावरच्या अर्ध्या साडीवरून बोट फिरवलं. "विणतोस तू. माझं कसं घालू?"

आप्पा मागाकडे वळले. न तुटलेला धागा उगीच जोडत राहिले. मला पाठ दिसत होती फक्त, पण तेवढ्यावरून कळलं की ते दोन माग मोडीत जात नाहीत. मला इतका आनंद झाला, की आपण गाढवपणा केलाय हे मी साफ विसरलो.

ते विसरले नव्हते. आप्पा वळून म्हणाले, "नदीचं मूळ आनि ऋषीचं कूळ हुडकू न्हाय म्हणत्यात. आनि ह्यो भाद्दर मशीनला पत्ता सांगाय बसलाय!"

"मूळ, मूळ करत आपल्या मागं लागलाय न्हवं?" अण्णा पेढा खात म्हणाले. "मूळ न्हवं आप्पा, ही मूळव्याध हाय!"

दोघंही गदागदा हसले. कैक वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध.

मूळ पत्ता मी आता नीट घातलाय, आपल्याच वडगावच्या पानाचा. सुषमाला तीनदा विचारून! साड्या निपाणीत खपतात, आप्पांच्या नावानं. पण परवा नात्यातल्या एका लग्नात आप्पांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. "ह्यो आमच्या धाकट्याचा. कॉम्प्युटरवर बसून असतोय." शेजारून अण्णा म्हणाले, "आमच्या घरात ह्याला मूळव्याध म्हणत्यात."

त्यातल्या अर्ध्या पाहुण्यांना अर्धंच ऐकू गेलं. पंगत उठल्यावर जांबोटीचे एक म्हातारे मला हळूच बाजूला घेऊन गेले. पाठीवर हात ठेवला. लई मायेनं म्हणाले, "बसून बसून हुतंय बघ लेकरा, लाजू नको. आमच्या गावात एकजण झाडपाल्याचं औषध देतंय, मुळापासनं जातंय. पत्ता देऊ?"

मी हात जोडले. "आजोबा, औषध द्या, शिव्या द्या, पर पत्ता तेवढा नको!"