घराण्याची मोहर

सौ. नूतन आदेश पाबळे, वय वर्षे बत्तीस, राहणार निमगाव सावा, तालुका जुन्नर. माहेर घोडेगाव, तालुका आंबेगाव. धंदा घरकाम व शिवणकाम. शिक्षण बारावी विज्ञान, निकाल उत्तीर्ण. अपत्ये एक, मुलगी. स्वभाव शांत, अशी सासरची नोंद आहे. नोंद करणाऱ्यांनी खातरजमा केलेली नाही. सदर बाईवर आरोप असा, की दिनांक २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी, सहावा महिना चालू असताना व सूर्याला ग्रहण लागलेले असताना, तिने विळीवर कांदा चिरला. साक्षीदार : सासू. शिक्षा : बेमुदत.

पुढच्या एप्रिलात समृद्धी जन्मली. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, टाळू आतपर्यंत उघडा. दूध पाजलं की अर्धं नाकातून परत यायचं. नूतन वाटी-चमच्याने थेंब थेंब पाजायची. एक पाजणं संपेपर्यंत दुसऱ्याची वेळ व्हायची. लॉकडाऊनमुळे बारशाला पाचच बायका आल्या होत्या, पण पाच बायका पुष्कळ होतात. त्यांच्यासमोर कुशाबाईंनी, म्हणजे सासूनं, आधी कांद्याची हकीगत सांगितली आणि मग पुरवणी आरोप जोडला : घाटाकडचं रगत हाय, आमच्यात असलं काय व्हत न्हाई. पाची जणींकडे फोन होते. संध्याकाळपर्यंत कांदा पंचक्रोशीत पोहोचला.

सूड हा शब्द नूतननं कधीच तोंडातून काढला नाही. तिनं फक्त ठरवलं, की हे जिथं बोललं गेलं तिथंच, तशाच बायकांसमोर, सासूच्या तोंडून परत घ्यायला लावायचं.

पाबळ्यांच्या घरात रक्ताचा अभिमान मोठा, आणि त्याला पुरावाही होता. सासरे भिमाजी, नवरा आदेश, नणंद तेजस्विनी, सगळ्यांच्या खालच्या ओठावर मधोमध दोन बारीक खड्डे. कैरीला टाचणी टोचावी तसे. त्याला घरात ‘मोहर’ म्हणत. मूळपुरुषाला देवीनं दिलेली, अशी कथा होती. कुठल्या देवीनं आणि कशाबद्दल, यावर भावकीत दोन तट होते. मूल जन्मलं की म्हाताऱ्या आधी त्याचा ओठ खाली ओढून बघत. मोहर असली की पोर पाबळ्यांचं, नसली की लोक हसून सुनेकडे बघत. समृद्धीच्या वेळी सगळ्यांचे डोळे वरच्या ओठावर खिळले. खालच्या ओठावर मोहर होती, अगदी ठसठशीत. ती कुणी बघितलीच नाही.

बघितली ती पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. ओठाचं ऑपरेशन झाल्यावर शिवणाऱ्या डॉक्टरांनी नूतन-आदेशला जनुकांच्या तपासणीला धाडलं होतं. तिथल्या डॉ. इंद्रायणीबाईंनी पोरीचा खालचा ओठ निरखला, मग आदेशला म्हणाल्या, “मास्क जरा खाली घ्या.” त्यानं घेतला. बाईंनी वंशात आणखी कुणाला असे खड्डे आहेत का, असं विचारलं. आदेश अभिमानानं म्हणाला, सगळ्यांना.

मग बाईंनी समजावून सांगितलं. पोटातल्या बाळाचा चेहरा एका साच्यातून ओतलेला नसतो. तो तुकड्यांनी होतो. दोन्ही बाजूंचे तुकडे मधे सरकतात आणि एकमेकांना जुळतात. ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो. टाळूच्या दोन पट्ट्या आधी जिभेच्या दोन अंगांना लोंबत असतात. जीभ खाली सरकते, पट्ट्या आडव्या होतात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास मधे मिळतात. ब्लाउजच्या पुढच्या दोन बाजू जोडणाऱ्या बाईला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कुठल्या कडेनं कुठं चिकटायचं आणि कुठं नाही, याचा हुकूम जनुकं देतात. बहुतेक दुभंगांत अनेक जनुकं आणि बाकीची परिस्थिती यांची अशी भेसळ असते, की कुणा एकाचं नाव घेता येत नाही. पण खालच्या ओठावर हे खड्डे असले, तर बहुधा एकच जनुक बिघडलेलं असतं. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी पुरते. दर बाळाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. ज्याला मिळाली त्याला नुसते खड्डे येतील, की ओठ फाटेल, की टाळू, की दिसण्यासारखं काहीच होणार नाही, हे आधी सांगता येत नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला. बिघाड आदेशमध्ये होता. नूतनमध्ये नव्हता. बाई शेवटी म्हणाल्या, की यात कुणाचा दोष नसतो. एवढं एक वाक्य सोडून नूतनला सगळं नीट ऐकू आलं.

गाडीत बसून तिनं बोटांवर महिने मोजले. गणपती बसले तोवर ओठ जुळायचा तर जुळून गेला असता. ग्रहण लागलं डिसेंबरात. म्हणजे कांदा चार महिने उशिरा चिरला होता. आदेश म्हणाला, घरी काही बोलू नको, आईला उगं त्रास. नूतननं रिपोर्ट शिलाई मशीनच्या खणात ठेवला आणि आदेशचंही नाव मनातल्या यादीत घातलं.

दोन वर्षांपूर्वी जातीच्या दाखल्यांची धावपळ सुरू झाली आणि घरोघर वंशावळी निघाल्या. भिमाजींनीही प्रतिज्ञापत्रावर पाच पिढ्यांची करून घेतली. त्यात अर्थातच सगळे पुरुष. नूतननं तिची झेरॉक्स काढली आणि बायका-मुलं भरायला घेतली. भावकीतल्या झाडून साऱ्या बायकांचे ब्लाउज तीच शिवायची. माप देताना बाई हात पसरून उभी असते, आणि खोटं बोलायला हात मोकळे लागतात. एक चुलत सासरे जन्मभर नाकात बोलत. ते सर्दीचं नव्हतं. तळेघरला दिलेली एक आत्या फोटोत कायम पदर तोंडावर धरून. दोन तान्ही ‘दूध ओढीनात’ म्हणून गेलेली. दर माणसाला एक चौकोन : खड्डे असलेल्यांचा अर्धा काळा, दुभंग असलेल्यांचा पूर्ण. बायकांना चौकोनाऐवजी गोल. कागद मुंग्या लागल्यासारखा भरला. तिनं माप घेतलं, पण विचारलं नाही, अशी एकच बाई राहिली : सासू.

मग तेजस्विनीला दिवस गेले. तिच्या ओठावर मोहर होती आणि शक्यता निम्मी होती, हे त्या घरात नूतनला एकटीला माहीत होतं, आदेशला धरलं तर दोघांना. नूतननं नणंदेला सांगितलं नाही. देवाकडे काही मागितलंही नाही, एवढंच तिच्या बाजूनं म्हणता येईल. मुलगा झाला, ओठ-टाळू धडधाकट. नूतनला बरं वाटलं. पूर्ण वाटलं नाही.

बारसं निमगावलाच होतं. ओसरीवर भिमाजी आणि पुरुष मंडळी, माजघरात बायका. त्या पाचीही होत्या, मुद्दाम बोलावलेल्या, नूतननं. कुशाबाईंनी नातवाचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला आणि पाळण्याभोवती फिरवून दाखवला. “बगा गं, मोहर. आमचंच रगत.”

“आत्याबाई,” नूतन म्हणाली, “समृद्धीला बी हाय ती. कुणी बगितली न्हाई.”

मग तिनं कागद उलगडला. आवाज चढवला नाही. मोहर म्हणजे काय, ती कुठून येते, ओठ कधी जुळतो आणि ग्रहण कधी लागलं होतं, सगळं क्रमानं सांगितलं. काळे चौकोन बोटानं दाखवले. रिपोर्ट वाचला. तेजस्विनीनं बाळाला उचलून छातीशी धरलं आणि वहिनीकडे असं बघितलं, की ते बघणं पुढं बरीच वर्षं फिटणार नाही. एकीनं हळूच विचारलं, मग कांद्याचं काय? नूतन म्हणाली, “कांद्याचं आत्याबाई सांगतील.”

कुशाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेऊन उलटा-सुलटा केला. “ही मोहर पाबळ्यांची. माझ्या बापाची न्हवं?”

“तुमची न्हवं. मामांची.” नूतननं ओसरीवरच्या सासऱ्यांकडे बोट केलं.

“पक्कं?”

“रगत तपासलंय.”

नूतननं पाच वर्षं ज्या क्षणासाठी माप घेतलं होतं तो आला होता. कुशाबाई उठल्या, पदर सावरला आणि कागद घेऊन ओसरीवर गेल्या. पुरुषांच्या पंगतीत भिमाजींच्या हातात चहाची बशी होती.

“अवो,” त्या म्हणाल्या, “माझं पयलं पोर टाळू फाटलेलं व्हतं, ते गेलं, तवा तुमच्या आईनं मला दारात हुबं करून सांगितलं, का गिराणात सुपारी फोडलीस. तुमी तितंच व्हता. चव्वेचाळीस वर्सं म्या ती सुपारी आठवायला बगती. म्या फोडलीच न्हवती.” मग कागद त्यांच्या मांडीवर टाकला. “घ्या. तुमची मोहर.”

भिमाजींनी बशी खाली ठेवली. बोट ओठाकडे गेलं, अर्ध्यातून परत आलं. भावकीतल्या सात-आठ जणांनी एकदम आपापल्या मिशा पुसल्या. त्या दिवसापासून भिमाजींना ताट वेळेवर मिळतं. वाढणारी बोलत नाही. अख्खं गाव आता मोहरेची गोष्ट सांगतं, आणि ती गोष्ट कुशाबाईंची आहे. कांदा त्यात येत नाही.

नूतननं आठवडाभर वाट पाहिली. मग भांडी घासताना सरळ विचारलं, की माझं काय.

“तुझं काय?” कुशाबाई म्हणाल्या. “तुझी पोर जिती हाय.”

नूतननं माफ केलं नाही. तिच्याकडे कुणी माफी मागितलीही नव्हती. संध्याकाळी कुशाबाई मशीनपाशी येऊन बसल्या, म्हणाल्या, त्या कागदात माझं पयलं दिसत न्हाई. नूतननं पेन घेतलं, आदेशच्या डाव्या बाजूला जागा केली आणि चौकोन काढून काळा करायला घेतला.

“चौकोन कशाला?” कुशाबाईंनी विचारलं.

नूतन म्हणाली, मुलग्याला चौकोन असतो.

“पोरगी व्हती.”

नूतननं चौकोन खोडला, शेजारी गोल काढला, पूर्ण काळा केला आणि नाव विचारलं.

मुलगी नवव्या दिवशी गेली होती. नाव बाराव्या दिवशी ठेवतात.