विजूच्या काळ्या वड्या

सुमे, चष्मा लाव आणि हे पत्र नीट वाच. पोटच्या लेकीशी, विजूशी, चार महिने अबोला धरतेस आणि बँकेच्या नोकरीचा कागद माझ्याकडे धाडतेस? "ताई, ती मावशीचं ऐकेल, सही घेऊन ये." शोभतं का गं तुला?

खंडेनवमीला सकाळीच चारकोपहून निघाले. जोगेश्वरीला बस तापून बंद पडली. कंडक्टर म्हणाला, "आजी, उतरा, मागची पकडा." म्हटलं, "आजी तुझ्या घरी! मी मावशी." सांताक्रूझला पोचेस्तोवर अकरा वाजले.

विद्यापीठातली विजूची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट, दमट खोली. बाईसाहेब खलात काळी भुकटी घोटत होत्या. भट्टीत भाजलेल्या तीन वड्या बशीत तयार होत्या. "मावशी, ह्या भयंकर गार केल्या ना, की आतले इलेक्ट्रॉन जोड्या जमवून एका तालात चालतात. वीज कुठे अडतच नाही. वर लोहचुंबक धरलं तर ते तरंगतं. ह्या वड्यांत त्या जोड्या का जमतात, ते अजून जगात कुणाला नीट कळलेलं नाही."

तीन वाजता बाहेरगावचे परीक्षक यायचे होते. चुंबक तरंगलं तर तिची तात्पुरती जागा कायम होणार होती.

माझे घावणे खाऊन ती गार करायचा द्रव आणायला गेली. मी बघते तर सणासुदीला एकाही यंत्रावर फूल नाही! आपण ह्या दिवशी विळी-कोयतासुद्धा पुजतो. पिशवीतला झेंडू काढला, यंत्रांना वाहिला आणि वड्यांवर फुलाने छान पाणी शिंपडलं.

विजू आली ती ओल्या वड्या बघून ओरडलीच. "मावशी, वाट लावलीस! ओल लागली की मरतात गं ह्या."

टिपल्या, वाळवल्या. तीनला परीक्षकांसमोर गार केल्या, पण तिन्हींवर चुंबक नुसतं पडून राहिलं. मी हात जोडून सगळं कबूल केलं. परीक्षक म्हणाले, "येत्या गुरुवारी पुन्हा येतो. ही शेवटची संधी."

मला रडू फुटलं. विजू मात्र त्यातलीच एक वडी मोडून भिंगाखाली बघत होती. "मावशी, इकडे ये ना! ओलीने आत नेमकं काय मोडतं, हे बघायचं राहूनच गेलं होतं." चेहरा असा, जणू सणाचं गोडधोड वाढलंय.

सुमे, तिथे मी कागद पिशवीतून काढलाच नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून विचार केला, ही पोर बँकेत बसेल, पण असा चेहरा तिथे कुणाला दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी परत जाऊन नवी भुकटी मीच घोटून दिलीय, पाण्यापासून दूर बसून. गुरुवारच्या आत लेकीला भेटायला ये. रागावलेलीच ये, पण ये.