उडून आलेलं पाकीट

शेजारचे काका आपली जुनी टपालतिकिटं दाखवायला बसले की आधी पंखा बंद करतात. काल भर मे महिन्यातही त्यांनी तेच केलं आणि चिमट्यानं एक पाकीट अलगद टेबलावर ठेवलं. त्यावर दुर्मीळ तिकीट, ते निघालं त्या पहिल्याच दिवसाचा शिक्का आणि लांबुळक्या फुग्यासारख्या वायुनौकेचं चित्र होतं.

"त्या नौकेतून समुद्र ओलांडून आलंय हे," काका कुजबुजले.

आत पत्र नव्हतंच. कुणा हौशी माणसानं निव्वळ प्रवासासाठी ते स्वतःलाच धाडलं होतं. आणि समुद्रावरचं वारं प्यायलेल्या त्या पाकिटाला आता पंख्याची झुळूकही वर्ज्य! जपण्याचं हे असंच असतं. माझी सगळ्यात आवडती साडी न नेसताच घडीवर विरली.

तेवढ्यात काकू सरबत घेऊन आल्या. "घामानं निथळताय की दोघं!" म्हणत त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. पाकीट उठलं आणि एक गिरकी घेत सरबताच्या पेल्यांना चकवून सोफ्यावर उतरलं.

काका ओरडायलाच उठले होते. पण पाकिटाकडे बघता बघता त्यांचा चेहरा खुलला.

"अगं," ते म्हणाले, "अजून उडतंय की हे!"

पंखा बंद करायला मग कुणीच उठलं नाही.