आसरांना वळसा

“पन तिला काय वाटंल?” नळाच्या लाइनीची खुंटी ठोकता ठोकता हात थांबवून म्हातारबाबा विचारायचे. तिला म्हणजे त्यांच्या बायकोला. मी प्लंबर माणूस. पाण्याला उतार लागतो एवढं मला कळतं. कुणाच्या बायकोला काय वाटेल हे मी कुठून सांगणार?

अवसरी बुद्रुकच्या मळ्यात त्यांचं घर. विहिरीवरून हंडा आणताना बायको पडली, मांडीचं हाड मोडलं. ती मंचरच्या दवाखान्यात होती. ती घरी यायच्या आत मोरीत नळ वाहिला पाहिजे, एवढाच त्यांचा ध्यास.

घर कौलारू, म्हणून टाकी विहिरीजवळ लोखंडी स्टँडवर ठेवायची ठरली. मग नळ किती उंच हवा? त्यांनी स्टूल आणलं, स्वतः बसले आणि हात आखडून जरासा पुढं केला. “तिचा हात एवढाच पोचतोय.” नळाची जागा अशी रोज बदलायची. तुम्हालाही असं गिऱ्हाईक भेटलं असेल. मी खरंच थकून गेलो.

“अहो, फोन करून विचारा ना त्यांनाच.”

“मग तिला कळंल की, राव!”

फोनवर मात्र म्हैस कशी आहे एवढंच ओरडून सांगायचे.

शेवटी लाइन आखली, तर ती विहिरीकडेच्या साती आसरांवरून जात होती. शेंदूर लावलेले सात दगड, पाण्याच्या देवता. ते अडून बसले. “माझं काय न्हाई. पन ती लग्न झाल्यापासून पुजती त्यांना. वळसा घाला.”

“टाकी फार उंचावर नाही. वळणाचे एल्बो वाढले की धार बारीक होईल.”

“व्हऊ द्या. हंडा तर सुटंल.”

वळसा घातला. बाई रिक्षातून उतरल्या, वॉकर टेकत मोरीत गेल्या, स्टुलावर बसून नळ सोडला. करंगळीएवढी धार.

“आवो, ही काय धार म्हनायची?”

त्यांनी मोठ्या ऐटीत आसरांचं कारण सांगितलं. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “मला इचारायचं तरी! दहीभाताचा निवद दावून मीच सरकवल्या असत्या की!”

मला हसू आवरेना. त्यांचे कान लाल झाले. लाइन सरळ करून देतो म्हटलं, तर “बघू, कांदा निघू द्या” म्हणाले. कांदा निघाला, पुढचाही निघाला. त्या वाटेनं जाताना मला दिसायचं: बाई स्टुलावर, ते मोरीच्या कट्ट्यावर, मध्ये सावकाश भरणारी बादली, आणि दोघांच्या गप्पा. जन्मभर ती पाण्याला, हे रानात. एवढं निवांत बसणं त्यांना कधी मिळालं असेल? मग मीही तो विषय काढला नाही.

यंदा थंडीत ते गेले. भोसरीला राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा फोन आला, आईला पाणी पुरत नाही, लाइन सरळ करा. बाईंनी निवद दाखवला, आसरा उंबराखाली मांडल्या. मी सगळे एल्बो काढले. कामात जीव लागत नव्हता.

नळ सोडला, मनगटाएवढी धार पडली.

“लई बिगीनं भरली,” बाई म्हणाल्या.

बादली वाहू लागली तरी त्या कट्ट्याकडं बघत बसूनच होत्या. शेवटी मीच वाकून नळ बंद केला.