महादू मार्करच्या गावी

निखिल आणि अनघा, तुमचे पत्र मिळाले. निखिलने लिहिले आहे की यापुढे टेनिस खेळण्याचे त्याला पैसे मिळतील, मात्र बाबा अजून हो म्हणत नाहीत, आणि शेवटी विचारले आहे, "आजी, आपल्या ओळखीत पूर्वी कुणी पैसे घेऊन टेनिस खेळायचं का?" एक माणूस होता. त्याच्या गावी मी एकदाच गेले होते. दुसरे महायुद्ध संपून वर्ष उलटले होते, तो हिवाळा. त्या एका दिवसाच्या प्रवासाविषयी मी आजवर कुणाला सविस्तर सांगितलेले नाही. बाबांचे आणि तुझे काय ठरायचे ते ठरो, त्यात मी पडत नाही. पण प्रश्न विचारलास म्हणून लिहिते, आणि हात अजून चालतो आहे तोवर लिहिते.

पुण्यात आम्ही ज्या जिमखान्यावर खेळायला जायचो तिथे एक मार्कर होता. मार्कर म्हणजे सभासदांशी खेळण्यासाठी पगारावर ठेवलेला माणूस. सभासदाला जोडीदार मिळाला नाही की मार्करला हाक जायची. तो कोर्टावर सर्वांत चांगला खेळायचा आणि रोज हरायचा. त्या कामाची रीतच तशी होती. साहेबाने सहा-चार असे जिंकले पाहिजे. सहा-शून्य जिंकू दिले तर साहेबाला संशय येतो, आणि मार्कर जिंकला तर साहेब पुन्हा बोलावत नाही. चेंडू कमरेच्या उंचीला, उजव्या हाताशी, मारता येईल असा आणून द्यायचा. मला खेळ त्यानेच शिकवला. अकरा वर्षे सगळे त्याला "मार्कर" म्हणत. महादेव राघो हे त्याचे नाव मला अर्ज भरताना कळले.

तो अर्ज मुंबईच्या एका मोठ्या स्पर्धेचा होता. पगारी खेळाडूला अशा स्पर्धांत मज्जाव असे. त्या फक्त हौशी लोकांसाठी. महादू तेव्हा चौतिशीचा असेल. आणखी दोन वर्षांत पाय जड झाले असते. मी त्याला सांगितले, "नोकरी सोड, मग तू पगारी राहणार नाहीस." माझ्या शब्दावर त्याने नोकरी सोडली. अर्ज इंग्रजीत होता. व्यवसायाचा रकाना आला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तितं शेतकरी लिवा." पुढे प्रश्न होता, खेळण्याचा किंवा शिकवण्याचा मोबदला कधी घेतला आहे काय. मला अर्धवट काही लिहिलेले आवडत नसे. मी दोन्हीकडे मिळून स्वच्छ अक्षरात लिहिले: अकरा वर्षे मार्कर, नोकरी जूनमध्ये सोडली. त्याने खाली सही केली आणि गावी जाऊन सरावाला लागला.

उत्तर माझ्या पत्त्यावर आले. एकदा पगार घेतला तो कायमचा पगारी, अर्ज नामंजूर. तुमच्या आजोबांना समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, लिहिलंच नसतं तर कानाडोळा केला असता आम्ही. लिहून दिल्यावर कसा करणार?" आजोबांचे मत होते की मी पत्राने कळवावे. पण ते पत्र महादूला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावे लागले असते. म्हणून मी निघाले. पिशवीत ते उत्तर होते आणि चेंडूंचा एक सीलबंद डबा. तेव्हा नवे चेंडू सहजी मिळत नसत. तो डबा मी का घेतला हे मला त्या वेळीही ठाऊक होते. रिकाम्या हाताने जायची छाती नव्हती.

सकाळच्या गाडीने घाट उतरले. कर्जतला गाडी बदलायची होती. खोपोलीची गाडी म्हणजे धुराचे इंजिन आणि मोजके डबे. खिडकीशी बसले तर पळसदरी स्टेशन यायच्या आतच डोळ्यात कोळशाचा कण गेला. समोरच्या बाईने पदराच्या टोकाने तो काढला आणि विचारले, "माहेरी का सासरी?" मी म्हटले, "दोन्ही नाही." ती म्हणाली, "मग रडताय कशाला?" डब्यातल्या बायका हसल्या, मीही हसले. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली शेते होती, कोरडी, पिवळी, आणि त्यांच्यामागे डोंगर. खोपोलीला उतरल्यावर डोंगरावरून उतरणारे वीजघराचे प्रचंड नळ दिसले.

स्टेशनबाहेर एकच टांगा होता. टांगेवाले इस्माईलमामू, पांढरी दाढी, कानाला मफलर. गावाचे नाव सांगताच त्यांनी विचारले, "मार्करकडं?"

"तुम्ही ओळखता?"

"आख्खा तालुका वळखतो, बाय. खुळा झालाय तो. वालाचं खाचर चोपून एवडं मोटं अंगण केलंन. मी इचारलं, लगीन कुनाचं रं? तर म्हनतो, माजंच."

खाचर म्हणजे बांध घातलेले भाताचे शेत. भात निघाला की उरलेल्या ओलीवर त्यात वाल पेरतात, आणि घराला वर्षभर तेच कडधान्य पुरते. मामूंचा विनोद मला कळला, पण हसू आले नाही. वालाचे पीक सोडून त्याने कोर्ट केले होते.

शिळफाट्याला घोड्याला पाणी पाजले. तिथून खालापूरच्या रस्त्यावर युद्धातले जुने लष्करी ट्रक माल घेऊन धुरळा उडवत जात होते. मामू प्रत्येक ट्रकला शिवी हासडायचे आणि लगेच मला म्हणायचे, "तुमाला नाय हां, बाय." पुढे नदीशी टांगा थांबला. वीजघरातून सुटणारे पाणी नदीला येत असल्याने भर हिवाळ्यातही ओढ चांगली होती. दगडांवरून जाताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मामू पिशवी घेऊन बरोबर आले, कारण संध्याकाळची गाडी मला गाठायची होती आणि परतीचे भाडे त्यांना.

महादू बांधावर उभा होता. त्याने लांबूनच ओळखले आणि धावत आला. जिमखान्याच्या पांढऱ्या कपड्यांशिवाय मी त्याला कधी पाहिले नव्हते. धोतर खोचलेले, अंगात बंडी. "ताई, सोता आलात? मंजे काम झालंच." मी म्हणाले, "आधी पाणी दे." तिथेच सांगायला हवे होते. मी सांगितले नाही.

त्याची बायको हिरा हिने घोंगडी घातली. उंच, काळीसावळी, कमी बोलणारी बाई. तांदळाची भाकरी आणि बिरडे (मोड आणून सोललेल्या वालाची रसदार उसळ) असे जेवण होते. मी वाढून घेत होते तेव्हा ती म्हणाली, "पोटभर खावा, बाय. गेल्या सालचं वाल हायत, शेवटचं. औंदा आमी वाल नाय पेरलं, चेंडू पेरलाय."

"पुरं की गं," महादू म्हणाला.

"खोटं हाय का? दर आट दिसानं येवडं मोटं सारवायचं, माजं हात बगा." तिने हात पुढे केले आणि ती हसली. रागावलेली नव्हती. नवऱ्याचे काहीतरी मोठे होणार आहे, ते तिला स्पष्ट कळत नव्हते, पण तिने ते मान्य केले होते. मी दुसरी भाकरीही घेतली. जेवण संपले की सांगायचे, असे मनाशी म्हणत राहिले.

जेवण झाले आणि महादू कोर्टावर घेऊन गेला. मुलांनो, तुम्ही मोठमोठी कोर्टे पाहिली आहेत. मी त्यासारखे दुसरे पाहिले नाही. चोपण्याने (जमीन बडवायच्या लाकडी फळीने) बडवून बडवून त्याने जमीन दगडासारखी केली होती. वर शेणाचा सारवा, त्यावर चुन्याच्या रेषा, आणि मध्ये दोन बांबूंना ताणलेले मासे धरायचे जुने जाळे. मापे त्याने पावलांनी घेतली होती. मी मोजून पाहिली. चूक सापडली नाही.

मी चेंडूंचा डबा त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाशी नेऊन हलवला, वास घेतला, आणि परत माझ्या पिशवीत ठेवला. "ह्यो मुंबैला उगडू."

मग आपली दुसरी रॅकेट मला देऊन म्हणाला, "चला ताई. आज वाडनार नाय तुमाला."

मार्कर लोक आपसात तसे म्हणत. सभासदाला चेंडू वाढायचा, पानात वाढतात तसा. मी पदर खोचला, दुसरी चप्पलही काढून ठेवली आणि अनवाणी उभी राहिले. वापरून टक्कल पडलेले चेंडू होते. हिरा बांधावर बसली, मामू जाळ्याशी उभे राहिले.

मी जिमखान्यावरच्या बायकांत पहिली होते. त्या दुपारी मला एकही गुण मिळाला नाही. त्याची सर्व्हिस आली हे मला मागच्या बांधावर चेंडू आपटल्यावर कळायचे. कधी तो चेंडू जाळ्यावरून असा उतरवायचा की तो सारवणावर पडून उठायचाच नाही. मी एका कोपऱ्यात धावले की चेंडू दुसऱ्या कोपऱ्यात, आणि तो मात्र मध्यावर उभा, जणू चालतच नव्हता. अकरा वर्षे मी ज्या माणसाबरोबर खेळत होते तो हा नव्हे. त्याला मी कधी पाहिलेच नव्हते. मामू प्रत्येक चेंडूला "या अल्ला" म्हणत होते. "आरं, बाईला एक तरी दे रं!" ते ओरडले.

"अकरा वर्सं दिलं, मामू!" महादू म्हणाला आणि मोठ्याने हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मग जाळ्याशी येऊन त्याने कपाळ पुसले. "म्याच कवा हाय, ताई?"

"महादू, उत्तर आलंय. त्यांनी तुला घेतलं नाही."

"वय जादा झालं?"

"नाही. पगार घेतलास म्हणून."

"सोडला की तो. तुमीच म्हनालात."

"एकदा घेतला की कायमचा, असा त्यांचा नियम आहे. मला ठाऊक नव्हतं."

"वाचा," तो म्हणाला.

मी पत्र काढून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. चारच ओळी होत्या. तो बांधावर हिराशेजारी बसून ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारले, "मी पगार घेत व्हतो, हे त्यास्नी कुनी सांगितलं?"

"मी. अर्जात मी लिहिलं होतं."

"शेतकरी लिवा म्हनालो व्हतो मी."

"खोटं कसं लिहिणार होते मी, महादू?"

उत्तर इस्माईलमामूंनी दिले. अगदी हलक्या आवाजात, जणू मला लागू नये म्हणून. "खोटं कुटं व्हतं, बाय? तो शेतकरी हायच की. तुमी उब्या हाय ते त्याचंच शेत हाय."

मी खाली पाहिले. माझी पावले सारवलेल्या जमिनीवर होती, आणि चुन्याच्या रेषेच्या फटीतून भाताच्या कापलेल्या रोपाचा एक जुना सड वर आलेला होता. निखिल, अनघा, मी बी.ए. झालेली बाई. दोन खऱ्या गोष्टींपैकी एक मी लिहिली होती आणि तीच काय ती खरी समजले होते.

हिरा उठली. आवाज चढवला नाही. "तुमचं खरं झालं, बाय. आमचं सालाचं गेलं." आणि घराकडे गेली.

महादू मला नदीपर्यंत पोचवायला आला. मी नको म्हटले तरी पिशवी त्यानेच घेतली. पाण्यात मध्यावर आल्यावर त्याने न थांबता विचारले, "जागा हाय का माजी? जिमखान्यावर?"

जागा जुलैतच भरली होती, हे मला माहीत होते. त्या क्षणी मात्र मी खरे बोलले नाही. "विचारते," म्हणाले. पलीकडे पोचल्यावर त्याने हात जोडले. पिशवी देताना त्यातला डबा माझ्याकडेच राहू दिला.

टांगा परत निघाला. समोरून ट्रक आले, मामूंनी एकालाही शिवी दिली नाही. भाडे ठरले त्याहून एक पैसा जास्त घेतला नाही आणि "सलाम, बाय" एवढेच म्हणाले. कर्जतला पुण्याच्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडत होते. माणसे चहा पीत होती. माझ्या डब्यात एक तरुण खेळाडू बसला होता, हातात रॅकेटी. मुंबईहून सामने खेळून परतत होता. हॉटेल, प्रवास, रॅकेटी, सगळे दुसऱ्या कुणी दिलेले, आणि एका कंपनीत त्याला नोकरी होती जिथे त्याला क्वचितच जावे लागे. हे सगळे त्याने मला आनंदाने सांगितले. नियमाप्रमाणे तो हौशी होता. अर्जात त्याने काही खोटे लिहिले नसणार.

पुण्यात मी विचारले. दोनदा विचारले. जागा नव्हती. महादू खोपोलीच्या एका कारखान्यात ओझी उचलायला लागला. तिकडच्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपाशी एक कोर्ट होते. गावात मार्कर आहे हे कळल्यावर रविवारी त्याला बोलावणे येऊ लागले. तो जायचा आणि सहा-चार हरायचा, हे मला मामूंकडून कळले, एकदा ते पुण्याला मुलीकडे आले होते तेव्हा. दुसऱ्या वर्षी खाचरात पुन्हा वाल होते, हेही त्यांनीच सांगितले. मी परत गेले नाही. जायला हवे होते. जिमखान्यावर खेळणेही पुढच्या वर्षी सुटले. तुमच्या बाबांचा जन्म झाला हे कारण मी सर्वांना देत असे.

तो नियम आता उरलेला नाही. पगारी आणि हौशी एकाच कोर्टावर खेळतात, आणि निखिल, तू जिथे सही करणार आहेस तिथे महादूला कुणी अडवले नसते. महादूचे नाव मात्र कोणत्याही ढालीवर, कोणत्याही वर्तमानपत्रात, कोणत्याही यादीत नाही. जिमखान्याच्या दफ्तरातही फक्त "मार्कर" असेल. तो किती चांगला खेळायचा हे एका दुपारी तिघांनी पाहिले होते. इस्माईलमामू गेले. हिरा गेली. महादू त्यांच्याही आधी गेला. पाहिलेली मी एक अजून आहे.