कल्पिताने निवडलेला दिवस

रेवदंड्यात आशा सेविका म्हणून काम करणारी कल्पिता मूळची तळा तालुक्यातली, भातशेतीच्या घरातली. नवरा अलिबागची रिक्षा चालवतो. संसार समुद्राकाठी, पण घरातले कोणी समुद्रावर जात नाही.

क्षयरोगाच्या तपासणीसाठी हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र गावात येणार असे ठरले, तेव्हा दिवस सुचवण्याचे काम तिच्याकडे आले. तिने होड्या बाहेर असतील असा दिवस निवडला. मासळी उतरलेली नसली की वाळवणीवरच्या बायकांना सवड असते, हा तिचा विचार. बायका खरोखरच आल्या. तरीही ती चुकली होती.

सर्वांत पुढे नीराबाई. पावसाळ्यापासून न हटणारा खोकला, झडलेले अंग आणि घरात सतत मांडीवर असणारी लहानगी नात, भाविका. दवाखान्याची पायरी चढायला ती तयार नव्हती. कल्पिताने दारी खेटे घालून तिला इथवर आणले होते. यंत्र चालवणाऱ्या अल्पेशने गळ्यातले काढून ठेवायला सांगितले. धातूची सावली पडली, तर चित्र वाचणारा संगणक फसतो. नीराबाई उठून उभी राहिली.

"दादला दर्यान हाय, नी मी गला मोकला ठेवू?"

रांगेतल्या बायका एकमेकींकडे पाहत मागे सरकल्या. अल्पेशला दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन पालीला जायचे होते. त्याने नाइलाजाने मोबाइलवर 'तपासणीस नकार' अशी नोंद करायला घेतली. कल्पिताने त्याला थांबवले. नीराबाईचा नकार तपासणीला नव्हताच. "दिवस मी चुकीचा धरला," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "ह्यांचा दोष नाही."

अशा प्रसंगी शिकलेली माणसे सहसा दोनच गोष्टी करतात: अंधश्रद्धेवर भाषण देतात, नाहीतर रोगाची भीती घालतात. कल्पिताने दोन्ही टाळले. ती नीराबाईच्या सासूपाशी, मनुबाईपाशी जाऊन बसली आणि तिने विचारले, "मावशी, होडी बाहेर असताना मंगळसूत्राचा दोरा तुटला, तर काय करता?"

"तुटतोच की, बाय. दोऱ्यान हलकुंड बांधायचा. मंग सोना खुशाल सोनाराकडं जाऊंदे."

हळकुंड शेजारच्या घरातून आले. ते चित्रात दिसेल का, हे कल्पिताने अल्पेशला विचारून घेतले. दोरा आखूड ठेवून हळकुंड मानेशी, फुप्फुसांच्या वर राहिले तर अडचण नाही, असे तो म्हणाला. मनुबाईने आधी सुनेच्या गळ्यात हळकुंड बांधले, गाठ पक्की झाल्याची खात्री केली आणि मगच मंगळसूत्र डोक्यावरून काढून आपल्या मुठीत धरले. गळा क्षणभरही रिता राहिला नाही.

"तुजे मशीनला सोना खपत न्हाय का रं?" तिने अल्पेशला विचारले. "आमचे सुनेला लय खपतं." बायका हसल्या आणि रांग पुन्हा पुढे सरकली.

यंत्र किती अचूक, त्यावर किती विसंबावे, याची चर्चा आज सर्वत्र चालते, आणि ती व्हायलाच हवी. पण यंत्रासमोर माणूस कोणत्या अटींवर उभा राहतो, हा प्रश्न त्याआधीचा आहे. तो कल्पिताने धोरणाच्या भाषेत कधी मांडला नसेल. वागण्यात मात्र सोडवला.

पडद्यावर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाभोवती लाल चौकट उमटली. हा केवळ संशय आहे, थुंकी तपासल्याशिवाय काही म्हणता येणार नाही, असे अल्पेशने सांगितले. नीराबाईने चौकटीकडे पाहिलेही नाही.

"पोरीला लागलं असंल का गो?"

"माहीत नाही," कल्पिता म्हणाली. खोटा धीर तिने दिला नाही. "तिलाही तपासायला लागेल. दवाखान्यात. मी येते बरोबर."

नीराबाईने सासूला हाक मारून सांगितले, सकाळी भाविकाला लवकर उठवून ठेवा.