बालक! बालक!

पृथ्वीतलावरचा कुठलाही शब्द आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या हाती लागला, की त्याची मुंज लावून त्याला संस्कृतचा नातू केल्याशिवाय ते सोडत नसत. आम्ही तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात राहायचो, अजूनही तिथेच आहोत. गृहस्थ मूळचे पुण्याचे, पोटापाण्यापुरते आयटीत. डच लोक दाताला 'तांत' म्हणतात. झालं! डेंटिस्टच्या खुर्चीत आ वासून पडलेले असताना ह्यांनी त्या बिचाऱ्याचा हात धरला आणि तांत म्हणजेच दंत, हे पटवल्यावरच दाढ काढू दिली. नगरपालिकेत 'नाम?' विचारणाऱ्या बाईला तर त्यांनी माहेरवाशीणच ठरवून टाकली. एवढ्या दिग्विजयी माणसाच्या घरात आठ वर्षांची लेक सई मात्र मराठीचा शब्द उच्चारत नसे. समजायचं सगळं, 'जेवायला ये' म्हटलं की यायची, आणि उत्तर डचमध्ये द्यायची. "बोलेल हो ती, आत साठतंय सगळं," गृहस्थ म्हणायचे. पण म्हणताना चेहरा पडायचाच.

दोन हजार सहाच्या मेमध्ये आम्ही दोन्ही कुटुंबं मोरोक्कोत फेझला गेलो. तिथल्या जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की गाढव आलं तर दोघांपैकी एकाला समजूतदारपणा दाखवावा लागतो, आणि तो बहुधा गाढवच दाखवतं. मागून 'बालक!' अशी आरोळी आली की बाजूला व्हायचं, हे हॉटेलवाल्याने निघतानाच बजावलं होतं. पण गृहस्थ तेव्हा त्याला त्याच्याच नावाची व्युत्पत्ती सांगत होते.

व्हायचं तेच झालं. "बालक! बालक!" ऐकताच ते गल्लीच्या मधोमध थबकले. "ऐकलंत? शुद्ध संस्कृत! पोराबाळांना किती मायेने हाक मारतायत!" कातडी लादलेलं गाढव उतारावरून येतंय, गाढववाला जिवाच्या आकांताने ओरडतोय, आणि हे त्याला हात जोडून नमस्कार करतायत!

"बाबा, गाढव आली! सरक!"

सई किंचाळली होती. मराठीत.

गृहस्थ सरकले नाहीतच, ऐकत उभे राहिले. गाढवाने त्यांना पुदिन्याच्या ढिगात नेऊन बसवलं. चष्मा एकीकडे, चप्पल दुसरीकडे. "आली नव्हे गं, आलं. गाढव नपुंसकलिंगी," ते तिथूनच म्हणाले, आणि लेकीला पोटाशी धरून ढसाढसा रडले. गाढववाल्याला वाटलं, फारच लागलं.

सई आता एनस्खेडेला इंजिनिअरिंग शिकते. फोन करते, तो अजूनही डचमध्येच. परवा गृहस्थ चहाला खाली आले, अर्धा कप संपवला. मग म्हणाले, "बोलेल हो ती. पण दर वेळी गाढव आणायचं कुठून?"

उत्तर माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच गिळलं, आणि त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.